अभिजात नाटकाचे पुनरुज्जीवन आणि नामवंत नटांची योजना

१

अभिजात नाटक पुन्हा रंगभूमीवर आणावयाचे झाल्यास त्यातील प्रमुख भूमिका नामवंत नटांकडे सोपवाव्यात काय, हा प्रश्न मराठी नाट्यव्यवहाराला नवा नाही. त्याची चर्चा मात्र बहुधा दोन टोकांवरून होते. एका पक्षाच्या मते नामवंतांच्या नावावाचून जुन्या नाटकाकडे प्रेक्षक फिरकत नाही. सबब ही योजना अपरिहार्य आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते अशा प्रयोगाला आलेला प्रेक्षक नट पाहून परत जातो, नाटक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. सबब ही योजना अभिजात कृतीचा अधिक्षेप करणारी आहे. पहिला पक्ष गल्ल्याच्या भाषेत बोलतो आणि दुसरा शुचितेच्या. दोहोंच्याही प्रतिपादनात नाटकाच्या संहितेचा विचार क्वचितच आढळतो. एखाद्या नटाची कीर्ती एखाद्या भूमिकेवर येऊन बसली की त्या भूमिकेचे इतर भूमिकांशी असलेले नाते कसे बदलते, हा समीक्षेचा प्रश्न आहे. आणि असे बदललेले नाटक किती वेळा, कोठे व कोणापुढे होते, हा रंगभूमीच्या इतिहासाचा प्रश्न आहे. हे दोन्ही प्रश्न एकत्र घेतल्यावाचून या योजनेचे यथार्थ मूल्यमापन होणे कठीण.

मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत बसून पाहिले असता यातील दुसरा प्रश्न सहसा दृष्टीस पडत नाही. कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन नगरांच्या बाजूने पाहिले असता तो ठळकपणे समोर येतो. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर वसविलेले व १९४९ मध्ये नाव धारण केलेले नगर. अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवालयाचे गाव, पुढे आगपेट्यांच्या व युद्धसाहित्याच्या कारखान्यांमुळे कामगारवस्तीने वाढलेले. बदलापूर अलीकडच्या दशकांत मुंबई-ठाण्यातील घरांच्या किमती न परवडणाऱ्या नोकरदार कुटुंबांनी भरून गेलेले. या तिन्ही नगरांतील प्रेक्षक वर्षानुवर्षे व्यावसायिक नाटकासाठी गाडीने कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर अथवा त्याहून दूर ठाण्याचे गडकरी रंगायतन गाठीत आला आहे. अभिजात नाटकाच्या पुनरुज्जीवनाची वार्ता त्याच्या कानी येते. त्याचा प्रयोग त्याच्या वाट्याला येतो की नाही, हे पुष्कळ वेळा नटांच्या तारखांवर ठरते.

येथे ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाचा अर्थ निश्चित करणे अवश्य आहे. अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. ते मंदिर पाहणारा कोणी नसला तरी ते उभेच असते. अभ्यासकाला त्याच्या भिंतींवरील शिल्पे केव्हाही वाचता येतात. नाटकाची गोष्ट वेगळी. त्याची संहिता छापील रूपाने टिकते. परंतु संहिता हे पूर्ण नाटक नव्हे. प्रयोग होत असतो तोवरच ते नाटक असते आणि प्रयोगाच्या आवृत्ती थांबल्या की ते वाङ्मयाच्या इतिहासात जमा होते. म्हणून एखाद्या सायंकाळी जुने नाटक एकवार झाले एवढ्याने त्याचे पुनरुज्जीवन झाले असे म्हणता येत नाही. ते नाटक नव्या पिढीच्या नटांच्या अंगवळणी पडून नव्या पिढीच्या प्रेक्षकांपुढे पुनःपुन्हा होऊ लागले, तरच तो शब्द सार्थ ठरतो. हा भेद मनात ठेवूनच पुढील उदाहरणे पाहावयाची आहेत.

२

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’ हा प्रयोग. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘संगीत मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले. गोविंदराव टेंबे यांनी दिलेल्या चालींनी मराठी नाट्यसंगीतात ठुमरीच्या अंगाचा एक नवा प्रवाह आणला. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची होती, धैर्यधराची नानासाहेब जोगळेकरांची. जोगळेकर त्याच वर्षी निवर्तले. १९१३ मध्ये बालगंधर्वांनी टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली आणि ‘मानापमान’ हे त्या मंडळीचे हुकमी नाटक झाले. दुसरीकडे १९०८ मध्ये ललितकलादर्श मंडळी स्थापन करणारे केशवराव भोसले आपल्या तेजस्वी, पल्लेदार गायनाने तितकेच लोकप्रिय झाले होते. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर उभारण्यात आलेल्या टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे चालक एका रंगमंचावर आले; बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. तिकिटांचे दर नेहमीच्या मानाने फारच चढे होते, तरीही नाट्यगृह भरून गेले.

या प्रयोगाविषयी पुढील काळात पुष्कळ लिहिले व सांगितले गेले. त्यातील बहुतेक मजकूर दोन गायकांमधील चढाओढीचा आहे. कोणी कोणते पद कसे म्हटले, टाळ्या कोणाला अधिक पडल्या, कोण कोणापुढे फिका पडला किंवा पडला नाही, याचीच चर्चा त्यात प्राधान्याने येते. ‘मानापमान’ या नाटकाचे त्या रात्री काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्यासाठी नाटकाच्या रचनेकडे वळले पाहिजे.

‘मानापमाना’ची घडण नावातील दोन शब्दांवर उभी आहे. श्रीमंतीत वाढलेली भामिनी सेनापती धैर्यधराचा त्याच्या दारिद्र्यामुळे अव्हेर करते. पराक्रमाला मान देणारे तिचे वडील धैर्यधराच्या बाजूचे आहेत. धनाचा तोरा मिरविणारा लक्ष्मीधर मात्र प्रसंग येताच भित्रा ठरणारा आहे. पुढे भामिनी वनमाला या गरीब मुलीच्या वेषाने धैर्यधराच्या सहवासात येते आणि मान कोणाला द्यावयाचा याचे ज्ञान तिला होते. या रचनेत प्रारंभीच्या अपमानाचे महत्त्व असाधारण आहे. धैर्यधर गुणी असूनही त्याला मान नाही, ही गोष्ट प्रेक्षकाला क्षणभर तरी खरी वाटली पाहिजे. भामिनीच्या नजरेने पाहता तो क्षुद्र दिसू शकतो, हे त्याला पटले पाहिजे. तसे झाले तरच पुढील परिवर्तनाला किंमत येते.

नामवंत नट धैर्यधराच्या भूमिकेत येताच याच ठिकाणी अडचण उत्पन्न होते. रंगमंचावर पाऊल पडताक्षणीच नाट्यगृह ज्याचे टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत करते, त्याला मान अगोदरच मिळालेला असतो. भामिनीने त्यानंतर त्याला कितीही हिणविले तरी ते प्रेक्षकाला विनोदासारखे वाटते. अपमान म्हणून झोंबत नाही. नाटककाराने जी गोष्ट शेवटी द्यावयाची योजिली ती प्रेक्षकांनी पहिल्याच प्रवेशात देऊन टाकलेली असते. नटाच्या अभिनयातील हा दोष नव्हे. त्याच्या कीर्तीने नाटकाच्या आरंभबिंदूलाच धक्का लागतो आणि अतिशय निष्ठेने काम करणाऱ्या नटालाही तो परिणाम सर्वस्वी टाळता येत नाही.

याच नाटकात याच्या उलट उदाहरणही आहे. भामिनी वनमालेचा वेष घेते तेव्हा प्रेक्षकाला तिची खरी ओळख असावी आणि धैर्यधराला नसावी, अशी नाटककाराची अपेक्षा आहे. साध्या वस्त्रांत वावरणारी ती स्त्री कोण आहे हे प्रेक्षक क्षणभरही विसरत नाही, यातच त्या प्रवेशांची गोडी आहे. अशा ठिकाणी बालगंधर्वांसारख्या नटाची सर्वश्रुत कीर्ती नाटकाला साहाय्यकारी होते. भामिनी वनमालेत लपलेली आहे आणि महाराष्ट्राचा लाडका नट भामिनीत, या दोन पडद्यांमुळे वेषांतराची मौज द्विगुणित होते. एकाच नाटकात, एकाच रात्री, एका भूमिकेवरील कीर्ती रचनेला पोषक आणि दुसऱ्या भूमिकेवरील कीर्ती रचनेला मारक ठरू शकते, ही गोष्ट सरसकट विधाने करणाऱ्या दोन्ही पक्षांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

लक्ष्मीधराचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. तो केवळ हास्यरसाची सोय नाही. धनाने विकत घेतलेल्या मानाचा तो मूर्त प्रतिनिधी आहे. बोडसांसारख्या कसलेल्या नटाने ही भूमिका केली, यावरूनच मूळच्या संचातील तिचे वजन ध्यानात येते. दोन गायकांची जुगलबंदी हाच ज्या रात्रीचा विषय असेल, त्या रात्री अशा भूमिकेला प्रेक्षकांच्या मनात उरणारी जागा थोडी. आणि लक्ष्मीधर दुबळा झाला की नाटकातील वादच एकतर्फी होतो. धनाचा मद खोटा ठरविणाऱ्या या नाटकाच्या तिकिटांसाठी धनिकांनी भरभक्कम रकमा मोजाव्यात, यात एक विसंगती आहे खरी. पण त्या रकमा राष्ट्रकार्याला जावयाच्या असल्याने त्या विसंगतीचे परिमार्जनही त्याच व्यवहारात होते.

तात्पर्य, ‘संयुक्त मानापमान’ हा उत्सव होता आणि उत्सव म्हणून तो सर्वथा यशस्वी झाला. त्यानंतर ‘सौभद्रा’चाही संयुक्त प्रयोग झाला, परंतु ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवरावांचे अकाली निधन झाले आणि ती परंपरा तेथेच खुंटली. उत्सवाला आवृत्ती नसते आणि असण्याचे कारणही नाही. चूक होते ती पुढील काळात, या उत्सवालाच पुनरुज्जीवनाचा आदर्श मानण्यात.

३

ही चूक प्रत्यक्षात कशी घडली हे कंत्राटी नाटकांच्या काळात दिसून येते. बोलपटाच्या आगमनानंतर जुन्या नाटक मंडळ्या एकामागून एक मोडल्या. मंडळीत नट बिऱ्हाडासारखा राहत असे. तालीम, भोजन, प्रवास, मुक्काम सारे एकत्र होई. मंडळी मोडल्यावर ठिकठिकाणच्या नामवंतांना एका रात्रीपुरते एकत्र आणून ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘एकच प्याला’ यांसारखी नाटके करण्याचा प्रघात कंत्राटदारांनी पाडला. प्रत्येकाला आपली भूमिका मुखोद्गत होती; म्हणून तालमीची गरज कोणालाच भासत नसे. सुधाकर एका मंडळीच्या वळणाचा, सिंधू दुसऱ्या, तळीराम तिसऱ्या. प्रत्येक भूमिका स्वतंत्रपणे उत्तम असूनही त्यांच्यामध्ये ‘एकच प्याला’ हे नाटक उरत नसे. एकाच्या वाक्याला दुसऱ्याने द्यावयाचा प्रतिसाद हा तालमीतून उत्पन्न होतो, पाठांतरातून नव्हे. प्रेक्षकांनी या नाटकांना गर्दी केली. जुन्या पदांचा आनंद लुटला. आणि अभिजात नाटक म्हणजे पदांमधील मोकळी जागा भरून काढणारा मजकूर, असा एक समज नकळत दृढ झाला.

या प्रघाताला छेद देणारे एक महत्त्वाचे उदाहरण मुंबई मराठी साहित्य संघाने घालून दिले. डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने संघाने १९४० नंतरच्या दशकात नाट्यमहोत्सव सुरू केले आणि जुन्या नाटकांना नवे संच दिले. त्यांत खाडिलकरांच्याच ‘भाऊबंदकी’चे स्थान मोठे आहे. हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०९ मध्ये प्रथम केले, तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करीत. संघाच्या प्रयोगात राघोबा नानासाहेब फाटकांचा होता आणि आनंदीबाई दुर्गा खोटे यांची. दुर्गाबाई १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून चित्रपटामुळे घरोघर पोहोचलेल्या, फाटक रंगभूमीवर मुरलेले. १९५४ मध्ये दिल्लीत संगीत नाटक अकादमीने भरविलेल्या राष्ट्रीय नाट्यमहोत्सवात या प्रयोगाचा गौरव झाला.

येथे कीर्ती कोणत्या भूमिकांवर येऊन बसली, हे पाहण्यासारखे आहे. ‘भाऊबंदकी’ हे सत्तेच्या लोभाचे नाटक. १७७३ मध्ये झालेला नारायणराव पेशव्यांचा खून आणि त्यानंतर रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दिलेला निर्णय, ही त्याची दोन टोके. आनंदीबाई आणि राघोबा ही या नाटकातील सत्तेची माणसे; त्यांच्यापुढे शनिवारवाडा दबतो. चित्रपटातील कीर्तीने दिपलेला प्रेक्षक आनंदीबाईच्या प्रवेशाबरोबर सावरून बसतो, तेव्हा तो नकळत त्या वाड्यातील माणसांसारखाच वागत असतो. नटीविषयीचा त्याचा आदर पात्राच्या धाकाला बळ देतो. उलट नारायणरावाच्या भूमिकेवर अशी कीर्ती आली असती तर त्याच्या असहायतेला बाध आला असता. रामशास्त्र्यांचा अधिकार तर लौकिकातून येतच नाही. तो न्यायनिष्ठेतून येतो आणि सत्तेचे सारे तेज डोळ्यांसमोर असताना एक ब्राह्मण त्याला निर्भयपणे नकार देतो, यातच त्या प्रवेशाचे सामर्थ्य आहे. सत्तेचे तेज जितके अधिक, तितका तो नकार मोठा. याचा अर्थ असा की ‘भाऊबंदकी’त नामवंतांची योजना नाटकाच्या अंतर्गत रचनेशी जुळली. जी कीर्ती ‘मानापमाना’त धैर्यधराला अडसर होते, तीच येथे उपयोगी पडली, कारण ती संहितेने जेथे सत्ता ठेवली होती तेथेच पडली.

दुसरा भेद तालमीचा. संघाच्या उपक्रमात नट निरनिराळ्या परंपरांतून आले असले तरी ते एका संस्थेच्या शिस्तीखाली एका दिग्दर्शनात काम करीत होते. गद्य नाटक असल्याने पदांच्या आश्रयाने वेगळे उभे राहण्याची सोयही कोणाला नव्हती. शिवाय आनंदीबाईची भूमिका स्त्रीकडे आल्याने जुन्या नाटकाला एक नवे परिमाण लाभले. ते केवळ नामवंताचे नाव जाहिरातीत आल्याने लाभत नसते.

४

अलीकडच्या काळातील उदाहरणांत सुनील बर्वे यांनी २०१० च्या सुमारास हाती घेतलेला ‘हर्बेरियम’ हा उपक्रम विशेष विचारार्ह आहे. जुनी ५ नाटके निवडावयाची, त्यांना परिचित नटांचे संच द्यावयाचे आणि प्रत्येकाचे केवळ २५ प्रयोग करावयाचे, अशी ती योजना होती. ‘सूर्याची पिल्ले’, ‘लहानपण देगा देवा’, ‘हमीदाबाईची कोठी’, ‘झोपी गेलेला जागा झाला’ आणि ‘आंधळं दळण’ ही ती नाटके. प्रयोगसंख्या आधीच बांधून घेतल्याने चित्रपट व दूरचित्रवाणीवर व्यग्र असलेल्या नटांना तारखा देणे शक्य झाले. कंत्राटी नाटकाच्या एका रात्रीपेक्षा २५ रात्री पुष्कळच अधिक. आणि तालमीलाही अवकाश मिळाला. नामवंतांच्या अडचणी ओळखून केलेली ही प्रामाणिक तडजोड होय.

यांतील ‘हमीदाबाईची कोठी’ हे उदाहरण आणखी एका कारणाने उद्बोधक आहे. अनिल बर्वे यांच्या या नाटकाच्या मूळ प्रयोगाचे दिग्दर्शन विजया मेहता यांचे होते आणि हमीदाबाईही त्यांनीच उभी केली होती. हमीदाबाईची मुलगी शब्बो ही नीना कुलकर्णी यांची भूमिका होती. नाना पाटेकर आणि अशोक सराफ हेही त्या संचात होते. त्यांतील बरेचसे नट पुढे नामवंत झाले. त्या वेळी ते नाटकासाठी घडत होते. सुमारे तीन दशकांनी झालेल्या पुनरुज्जीवनात नीना कुलकर्णी हमीदाबाई झाल्या. पूर्वी जिने कोठीत मुलगी म्हणून आईचे गाणे व आईचा करारीपणा जवळून पाहिला, तीच आता आईच्या जागी आली. बैठकीच्या गाण्याची घरंदाज प्रतिष्ठा काळाच्या रेट्यापुढे ओसरत जाते आणि ती पुढच्या पिढीच्या हाती कशी सोपवावी हे आईला उमजत नाही, असा ज्या नाटकाचा आशय, त्यात भूमिकेचा हा वारसाच आशयाचा भाग बनतो. येथील कीर्ती बाहेरून आणलेली नव्हती. ती त्याच नाटकात अंशतः कमावलेली होती. नामवंतांची योजना करताना ‘या नटाचे या नाटकाशी नाते काय?’ हा प्रश्न निर्मात्याने विचारावयास हवा, असे या उदाहरणावरून म्हणता येते.

‘नटसम्राट’च्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने उपस्थित होतो. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक गोवा हिंदू असोसिएशनने २३ डिसेंबर १९७० रोजी रंगभूमीवर आणले. अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागू यांनी साकार केले. त्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा अनेकांनी ही भूमिका केली आणि २०१८ मध्ये मोहन जोशी यांनी ती नव्या संचात केली. नाटकाचा नायक हाच एक निवृत्त, कीर्तिमान नट असल्याने येथे नामवंताची योजना संहितेलाच अपेक्षित आहे, असे वरकरणी वाटते. ते अर्धेच खरे आहे. अप्पासाहेबांची कीर्ती पहिल्या अंकात पुरती खरी वाटली पाहिजे. परंतु तेथून पुढे घर, मान, आधार एकेक करून हातून सुटत जाताना ती कीर्ती निरुपयोगी ठरत गेली पाहिजे. ज्या नटाला स्वतःची कीर्ती प्रेक्षकांसमोर अशी सांडू देण्याचे धैर्य नसेल, त्याच्या हाती हे नाटक स्वगतांच्या पठणाची स्पर्धा होऊन बसते. कावेरीचे तर अस्तित्वच तिच्या शांतपणावर उभे आहे. तिला दुय्यम नटीकडे सोपवून नायकाला मोकळे रान देणाऱ्या प्रयोगात अप्पासाहेबांचे एकाकीपण प्रेक्षकाला जाणवत नाही, कारण त्यांनी काय गमावले हेच त्याला दिसलेले नसते. नामवंतांच्या नाटकाची खरी परीक्षा अशी त्याच्या शेजारच्या भूमिकेत होत असते.

५

आता प्रारंभी सांगितलेल्या तीन नगरांकडे वळावयास हवे. नामवंतांची योजना रचनेशी जुळली, तालमी पुरेशा झाल्या, नटाचे नाटकाशी नातेही होते, असे गृहीत धरले तरी ते नाटक किती जणांपर्यंत पोहोचते हा प्रश्न शिल्लक राहतो. जुन्या मंडळ्यांचा प्रमुख नट हाच बहुधा मंडळीचा मालक अथवा भागीदार असे. बालगंधर्व जेथे जात तेथे त्यांचे नाटक जाई, किंबहुना नाटक जेथे जाई तेथे त्यांना जावेच लागे. एकेका गावी मंडळीचा मुक्काम पडे आणि तीच नाटके पुनःपुन्हा होत. ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मानापमान’ ही नाटके या फिरस्तीने महाराष्ट्राच्या कानामनात रुजली. एखाद्या राजधानीतील विक्रमी रात्रीने नव्हे. आजचा नामवंत नट नाटकात नाईटवर येतो. त्याच्या तारखा चित्रीकरणातून उरलेल्या शनिवार-रविवारच्या असतात. मर्यादित प्रयोग आणि मर्यादित तारखा यांचा मेळ घालताना निर्माता साहजिकच जेथे दर अधिक आणि प्रवास कमी अशी नाट्यगृहे निवडतो. बदलापूरच्या कुटुंबाला तो प्रयोग पाहावयाचा तर तिकिटाच्या दरात गाडीचा प्रवास, रात्रीचे परतणे आणि दुसऱ्या दिवसाची पहाटेची नोकरी हेही मिळवावे लागते.

याच नगरांमध्ये नामवंतांच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवादही सापडतो आणि समीक्षेने तो टाळता कामा नये. उल्हासनगरच्या सिंधी घरातील तरुणाला खाडिलकर किंवा अनिल बर्वे यांची नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने मराठी शाळेत अथवा शेजारात उचललेली भाषा त्याला नाटक समजण्याइतकी येत असते. परंतु नाट्यगृहाची पायरी चढण्यास त्याला निमित्त हवे असते. पडद्यावर पाहिलेला चेहरा हे ते निमित्त होय. मराठी घरांतील नव्या पिढीची स्थितीही याहून फारशी निराळी नाही. नामवंत नट हा अशा प्रेक्षकासाठी नाटकाचे दार असतो, आणि दार नसलेल्या घराच्या अंतर्गत सौंदर्याचे वर्णन करून कोणाचा लाभ होत नाही. हा युक्तिवाद मान्य केला तर त्यातूनच एक कर्तव्य निष्पन्न होते. दार म्हणून ज्याची योजना केली, तो नट त्या प्रेक्षकाच्या आवाक्यातील नाट्यगृहात आला पाहिजे. नव्या प्रेक्षकासाठी नामवंत हवेत असे म्हणावयाचे आणि जुन्याच प्रेक्षकांच्या नाट्यगृहांत प्रयोग संपवावयाचे, यात केवळ विसंगती आहे.

या संदर्भात हौशी रंगभूमीची आठवण ठेवणे इष्ट होईल. कारखान्यांच्या नगरांत गणेशोत्सवाचे मंडप, कामगार कल्याण केंद्रांच्या नाट्यस्पर्धा आणि राज्य नाट्यस्पर्धा यांनी अनेक पिढ्यांना नाटकाची गोडी लावली. तेथील धैर्यधर किंवा सुधाकर दिवसा कारखान्यात काम करणारा असे. त्याच्या प्रयोगात सफाई कमी असेल. परंतु एक गोष्ट त्याला विनासायास साधे. त्याचा अपमान खरा वाटे, कारण त्याला अगोदर कोणी मान दिलेला नसे. हौशी प्रयोग श्रेष्ठ आणि नामवंतांचा कनिष्ठ, असे यावरून ठरवावयाचे नाही. अभिजात नाटकाच्या परंपरेचे दोन आधार आहेत, एक कौशल्याचा आणि दुसरा आवृत्तीचा. आणि दुसरा आधार पुष्कळ काळ अनामिकांनी सांभाळला आहे, एवढेच येथे नोंदवावयाचे.

वरील विवेचनावरून नामवंत नटांची योजना असलेल्या पुनरुज्जीवनाकडे पाहताना अभ्यासकाने तीन गोष्टी तपासाव्यात, असे सुचविता येईल. पहिली, नटाची कीर्ती संहितेने ज्या ठिकाणी सत्ता, तेज अथवा ओळख ठेवली आहे तेथे पडते, की जेथे उपेक्षा वा दुबळेपण हवे तेथे. दुसरी, त्याच्या भोवतीच्या भूमिका तालमीतून त्याच्याशी बांधल्या गेल्या आहेत, की त्याला वाट करून देण्यापुरत्या उभ्या आहेत. तिसरी, तो प्रयोग किती वेळा आणि किती दूरवर झाला. पहिल्या दोन कसोट्या समीक्षकांच्या परिचयाच्या आहेत, जरी त्यांचा अवलंब विरळा होतो. तिसरी कसोटी व्यवहाराची म्हणून बाजूला ठेवली जाते. पण जे नाटक प्रयोगावाचून अस्तित्वातच नसते, त्याच्या बाबतीत व्यवहार आणि कला यांची अशी फारकत करता येत नाही. ‘संयुक्त मानापमाना’ची कीर्ती शंभर वर्षांनंतरही टिकून आहे, ‘मानापमान’ प्रत्यक्ष पाहिलेल्यांची संख्या मात्र पिढीगणिक घटत आली. पुढील पुनरुज्जीवनाचा हिशेब मांडताना पहिल्या रात्रीच्या गल्ल्याबरोबरच, कल्याणच्या पुढच्या स्थानकांवर उतरणाऱ्या किती जणांनी ते नाटक पाहिले, हा आकडाही त्यात असावा.